उभ्याने पाहणारे

१७१८ सालच्या नाताळाच्या दिवशी मुंबईच्या किल्ल्यात केळीचे खांब लागले होते. झावळ्या लागल्या होत्या, आतल्या खांबांना हिरव्या पानांच्या माळा गुंडाळल्या होत्या. आपल्याकडे लग्नघरी करतात तशीच सगळी सजावट. पण कार्य होतं इंग्रजांच्या मुंबईतल्या पहिल्या चर्चचं. गव्हर्नर चार्ल्स बून आपल्या कौन्सिलला घेऊन आला. रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्याने उपासना चालवली. एका बाळाचा बाप्तिस्मा झाला. आणि हे चाललं असताना भोवती एक देशी जमाव उभा होता, त्याच्या पुढे रामाजी कामती. शेणवी जातीचा मोठा सावकार, कंपनीच्या देशी शिपायांवर वजन असलेला, तीनच वर्षांपूर्वी वाळकेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार करणारा. आपल्या जातभाईंना घेऊन तो इंग्रजांची पूजा कशी असते ते पाहायला आला होता.

कॉबने पुढे १७६६ साली या चर्चच्या बांधणीची हकिकत छापली. त्यात त्याने नोंदवून ठेवलं आहे की या मंडळींना उपासनेतली शिस्त आणि नेटकेपणा इतका आवडला की ती अखेरपर्यंत उभी राहिली. भाषा कळत नव्हती, देव आपला नव्हता, बसायला जागा नव्हती. तरी कुणी निघून गेलं नाही.

ही नोंद वाचली तेव्हा मला माळेगावची जत्रा आठवली. आम्ही नायगावचे. माळेगाव आमच्याच नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, म्हणजे नाताळाच्याच आगेमागे, तिथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, कुत्रे यांचा बाजार लागतो आणि तमाशाचे फड उतरतात. लहानपणी तिकिटाला पैसे नसायचे. मग आम्ही पोरं कनातीच्या बाहेर उभं राहायचो. कापडाच्या शिवणीत कुठे फट सापडली की तिला डोळा लावायचा. आत ढोलकी कडाडायची, गण व्हायचा, गवळण सुरू व्हायची, मावशी काहीतरी बोलायची आणि आतली माणसं खदाखदा हसायची. बाहेर आम्हाला अर्धं दिसायचं, अर्धं ऐकू यायचं, उरलेलं मनानं भरून काढायचो. पाय दुखायचे, पण फड संपेपर्यंत कुणी हलायचं नाही. रामाजी कामतीही त्या दिवशी दाराशी किंवा खिडकीशी असाच उभा असेल, असं मी मनाशी धरून चाललो आहे.

म्हणून गेल्या हिवाळ्यात मुंबईला गेलो तेव्हा आधी ते चर्च पाहायचं ठरवलं. नायगावहून एस.टी.ने नांदेड, नांदेडहून देवगिरी एक्सप्रेस, सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. तिथून दादाभाई नवरोजी रस्त्याने हुतात्मा चौक आणि चौकातून डावीकडे वीर नरिमन रस्त्याला लागलं की पंधरा-वीस मिनिटांत सेंट थॉमस कॅथीड्रल येतं. मुंबईची लाखो माणसं रोज तोंडाने ‘चर्चगेट, चर्चगेट’ म्हणतात, ते चर्च हेच. किल्ल्याला तीन दरवाजे होते: अपोलो गेट, बाजार गेट आणि या चर्चकडे जाणारा चर्च गेट. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरने तटबंदी पाडली, दरवाजा गेला आणि त्याचं नाव पुढे आगगाडीच्या स्टेशनाला चिकटून राहिलं.

या चर्चपासून मुंबईचे मैल मोजले जात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरभर दगड रोवले होते आणि प्रत्येकावर ‘सेंट थॉमस चर्चपासून इतके मैल’ असं कोरलं होतं. त्यांतले काही अलीकडे फुटपाथच्या थराखालून उकरून काढले गेले. म्हणजे एके काळी मुंबई इथून सुरू व्हायची आणि बाकी सगळं ‘इथून किती लांब’ एवढ्यावरच ओळखलं जायचं. नायगावच्या माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

फाटकाशी रंगीत दगडाचं एक उंच, टोकदार कारंजं आहे. लंडनचा वास्तुकार सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याने त्याचा आराखडा केला आणि पैसा दिला सर कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूराने. मागे पांढऱ्या-पिवळसर भिंती आणि चौकोनी मनोरा. पण १७१८ साली हा मनोरा नव्हता. १८३७ मध्ये मुंबईला पहिला बिशप मिळाला, थॉमस कार, आणि साध्या चर्चचं कॅथीड्रल झालं. मनोरा आणि घड्याळ त्यानंतरचं.

चर्चची गोष्ट मात्र कॉबच्याही आधी सुरू होते. गव्हर्नर जेराल्ड आँजियर याने १६७६ साली पायाभरणी करवली. मुंबईत तोवर इंग्रजांना स्वतःचं देऊळ नव्हतं, किल्ल्यातल्याच एका खोलीत प्रार्थना उरकावी लागे. आँजियर दुसऱ्याच वर्षी सुरतेला वारला. भिंती पंधरा फूट वर आल्या आणि थांबल्या, त्या जवळजवळ चाळीस वर्षं. बांधकामासाठी जमलेल्या वर्गणीचं काय झालं? अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या त्या काळच्या एका कप्तानाने आपल्या प्रवासवर्णनात सरळ लिहिलं आहे की ती कंपनीच्याच सर जॉन चाइल्ड या बड्या अधिकाऱ्याने स्वतःच्या उपयोगाला लावली. हॅमिल्टनचं आणि कंपनीच्या बड्या माणसांचं फारसं जमत नसे, तेव्हा त्याच्या शब्दाला थोडं तोलूनच घ्यावं लागतं. पण भिंती अर्ध्यावर राहिल्या ही गोष्ट खरी. पावसाळ्यामागून पावसाळे त्यांवर शेवाळ चढत राहिलं.

त्या काळी मुंबईतल्या गोऱ्या माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, अशी म्हणच होती. १७१४ मध्ये कॉब इथे आला तेव्हा या अर्धवट भिंती त्याला पाहवेनात. त्याने प्रवचनातून लोकांना टोचलं, पैसे उभे केले आणि बांधकाम पुन्हा चालू केलं. तापट, हट्टी माणूस. पुढे गव्हर्नराशीच त्याचं बिनसलं आणि त्याला मुंबई सोडावी लागली. पण चर्च पुरं करूनच गेला.

आणि रामाजी? त्या नाताळानंतर दोन वर्षांतच, १७२० साली, त्याच गव्हर्नर बूनच्या राज्यात त्याला पकडलं. कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधून तो कंपनीशी दगा करतो आहे असा आरोप. पुरावा म्हणून पत्रं दाखवली गेली. खटला चालला, मालमत्ता जप्त झाली, रामाजीला कैदेत टाकलं. १७२८ साली तो तुरुंगातच वारला. ती पत्रं बनावट होती हे मागाहून उघडकीला आलं, पण ते कळायला रामाजी उरला नव्हता.

मला इथे थांबल्याशिवाय पुढे जाववत नाही. कंपनीच्या आरमारी मोहिमांना माणसं पुरवणारा हा सावकार. नाताळाच्या दिवशी तो आपली सगळी जात घेऊन इंग्रजांच्या आनंदात सामील झाला होता. कॉबला त्याचं कौतुक वाटलं आणि ते त्याने लिहूनही ठेवलं. पण ते पुस्तक छापून आलं तोवर रामाजीला जाऊन अडतीस वर्षं झाली होती. उभ्याने पाहणाऱ्याला आत घेतात ते त्यांच्या मर्जीने, आणि मर्जी फिरली की त्याच्या सभ्यपणाची नोंद कुणाच्या उपयोगी पडत नाही.

चर्चच्या समोर तेव्हा मोकळं मैदान होतं. त्याला ‘बॉम्बे ग्रीन’ म्हणत, आपण हिरवळ म्हणू. नावच तेवढं हिरवं. कापसाचे गठ्ठे, नारळाचे ढीग, गाड्या, बैल, हमाल यांनी ती भरलेली असे. आणि १७७६ साली, लोकवर्गणीतून, याच हिरवळीच्या कडेला एक नाटकगृह उभं राहिलं. बॉम्बे थिएटर. मुंबईतलं पहिलं. कंपनीचे कारकून, लष्करातले तरुण अधिकारी, हौशी मंडळी त्यात लंडनच्या नाटकांचे प्रयोग करत. रविवारी सकाळी जी माणसं चर्चच्या बाकांवर बसायची, त्यांतलीच काही संध्याकाळी तोंडाला रंग फासून त्या थिएटरात उभी राहायची. दोन इमारतींच्या मध्ये फक्त हिरवळ.

देऊळ आणि नाटक यांचं हे शेजार मराठी माणसाला परकं नाही. लळित देवळाच्या सभामंडपातच होतं, दशावतारी खेळ उत्सवात देवळापुढे होतो, भारूड कीर्तनाच्या पाटाशीच रंगतं, खंडोबाच्या पायाशी तमाशाचे फड लागतात. आणि इंग्रजांच्या मुलखातही ते नवं नव्हतं. लंडनमध्ये कॉव्हेंट गार्डनच्या चौकात इनिगो जोन्सने बांधलेलं सेंट पॉल्स नावाचं चर्च आहे, १६३३ साली पुरं झालेलं. मागे शांत बाग, भोवती नाटकगृहं. त्याला नटांचं चर्च म्हणूनच ओळखतात आणि आत भिंतींवर नटनट्यांच्या नावाच्या पाट्या आहेत. चार्ली चॅप्लिनचीही आहे, व्हिव्हियन लीचीही. त्याच चौकात १६६२ साली सॅम्युएल पेप्स या रोजनिशीकाराने बाहुल्यांचा खेळ पाहिला. इंग्लंडातल्या ‘पंच’च्या खेळाची सगळ्यांत जुनी नोंद तीच. चर्चच्या दारासमोर लाकडी बाहुल्या नाचत होत्या. ही बाहुली लक्षात ठेवावी, ती पुढे पुन्हा येणार आहे.

मुंबईच्या थिएटराला मात्र कर्जाने घेरलं. डागडुजीला पैसा लागला, प्रयोगांतून तो निघेना. शेवटी १८३५ मध्ये इमारत विकायला काढली आणि जमशेटजी जिजीभाईंनी ती घेतली. देणी फेडून जी रक्कम उरली ती सरकारी खजिन्यात जमा राहिली. हिरवळीवरचं नाटक संपलं.

मराठी नाटकाचा इतिहास सांगताना आपण सांगली म्हणतो, सीतास्वयंवर म्हणतो आणि पुढे जातो. ते बरोबरच आहे. पण त्या इतिहासाचा एक धागा या हिरवळीवर, या चर्चच्या दारासमोर पडलेला आहे आणि तो उचलून घेण्याचं काम केलं जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांनी. १८४०च्या सुमाराला शहरातल्या गोऱ्या आणि एतद्देशीय प्रतिष्ठितांनी मिळून सरकारकडे अर्ज केला: खजिन्यात पडून असलेला तो पैसा घ्या आणि शहराला नवं नाटकगृह द्या. नानांनी त्यासाठी ग्रँट रोडवरची आपली जागा दिली. १० फेब्रुवारी १८४६ रोजी ते थिएटर उघडलं.

अर्जदारांतल्या गोऱ्यांच्या मनात नाटक म्हणजे इंग्रजीच नाटक होतं. पण किल्ल्यातल्या साहेबांना ग्रँट रोड लांब पडायचा. तटाबाहेर, देशी वस्तीच्या कडेला, रात्री बग्गी जुंपून कोण जाणार? साहेब यायचे कमी झाले. आणि जागा ज्यांच्या अंगणात होती ते यायला लागले. हे कुणी ठरवून केलं नव्हतं. नाटकगृह दोन-अडीच मैल सरकलं, एवढंच झालं. पण तेवढ्याने उभ्याने पाहणाऱ्यांची जागा बदलली.

तिकडे सांगलीत १८४२ साली उत्तर कानडातल्या कर्की गावची भागवत मंडळी येऊन खेळ करून गेली होती. संस्थानाधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी ते पाहिले आणि आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं, असं काहीतरी मराठीत करा. ५ नोव्हेंबर १८४३ला सांगलीच्या दरबारात ‘सीतास्वयंवर’ झालं. ५ नोव्हेंबरला आपण आजही रंगभूमी दिन पाळतो तो त्यामुळे. भावे मोठे कारागीरही होते. त्यांनी लाकडाच्या कळसूत्री बाहुल्या कोरल्या होत्या. त्या पुढे रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा लोकांसमोर नाचवल्या. कॉव्हेंट गार्डनच्या चर्चसमोर पेप्सने पाहिलेल्या बाहुल्या इटालियन खेळियाच्या होत्या आणि भाव्यांच्या बाहुल्या सांगलीच्या. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण नाटक जिथे जिथे उभं राहिलं तिथे आधी लाकडाला हात-पाय फुटले होते, हे मला फार आवडतं.

१८५१ मध्ये आप्पासाहेब वारले. राजाश्रय गेला. मंडळीचं पोट भरायचं तर गावोगाव फिरणं आलं. तशी फिरत फिरत भाव्यांची मंडळी मुंबईला आली आणि मार्च १८५३ मध्ये ग्रँट रोडच्या थिएटरात तिचे खेळ झाले. इंग्रजी वर्तमानपत्रात जाहिरात झाली, तिकिटं लागली.

हा खेळ कसा असेल ते जरा डोळ्यांसमोर आणून पाहा. सांगलीत काय किंवा पुण्यात काय, वाड्याच्या चौकात, मशालींच्या आणि समयांच्या उजेडात, लोकांनी तिन्ही बाजूंनी वेढलेलं नाटक. आता तेच नाटक विलायती पद्धतीच्या पडद्यामागे उभं. पडद्यामागून सूत्रधार मंगलाचरण गात पुढे येतो, मागे साथीदार झांजा-मृदंग घेऊन. इतक्यात अंगाला झाडाचा पाला बांधलेला विदूषक उड्या मारत शिरतो आणि सूत्रधाराशी वात्रट बोलायला लागतो. मग गजानन येतो. मग मोरावर बसलेली सरस्वती, म्हणजे कमरेला मोर बांधलेला मुलगा, गिरक्या घेत नाचून जाते. मग कथा. पदं सगळी सूत्रधाराच्या तोंडी. पात्रं आपापलं भाषण प्रसंग पाहून स्वतःच करणार, लिहिलेलं काही नाही. आणि राक्षस आला की ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकून, तलवार फिरवत, रंगभूमी दणाणून सोडणार. या नाटकांना पुढे शिकलेल्या लोकांनी ‘अललडुर्र नाटकं’ म्हणून हिणवलं. मला वाटतं, त्या आरोळीत दम होता. वाड्याच्या चौकात सगळ्यांत मागे उभ्या असलेल्या माणसाला राक्षस आल्याचं कळायला हवं ना! ती आरोळी त्याच्यासाठीच होती.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्याच थिएटरात पारशी नाटक मंडळीने रुस्तम-सोहराबाचा खेळ केला आणि पारशी रंगभूमी जन्माला आली. नोव्हेंबरात भाव्यांच्या मंडळीने ‘राजा गोपीचंद’ हिंदीत केला. इंग्रजांच्या हिरवळीवरच्या नाटकातून उरलेले पैसे आणि नानांची जमीन. त्या एका छपराखाली वर्षभराच्या आत मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तिन्ही भाषांना मुंबईत रंगमंच मिळाला. पुढे ३१ ऑक्टोबर १८८०ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ झालं आणि संगीत नाटकाचं युग आलं, ती कथा सगळ्यांना ठाऊक आहे.

चर्चमध्ये शिरलो तेव्हा आत जेमतेम सहा-सात माणसं होती. उंच छत, लांब दांड्याचे पंखे, वेताच्या बैठकीचे बाक, रंगीत काचांतून फरशीवर पडलेले निळे-तांबडे कवडसे. बाहेर वीर नरिमन रस्त्यावर हॉर्न वाजत असतात, आत त्यांची नुसती कुजबुज पोचते. २००४ साली या वास्तूच्या जतनाच्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. काम खरोखर जपून केलेलं दिसतं.

भिंतींवर मात्र नजर ठरत नाही. संगमरवरी स्मारकं, एकाला लागून एक. अधिकारी, कप्तान, पाद्री, त्यांच्या बायका. वयं पाहत गेलो तर पोटात कालवतं, विशी-तिशीतलेच किती. दोन पावसाळ्यांची ती म्हण इथे दगडात कोरलेली आहे. १८०८ साली फ्रेंच जहाजाशी लढताना पडलेला कप्तान जॉर्ज हार्डिंग इथे आहे. १७९५ ते १८११ मुंबईचा गव्हर्नर राहिलेला जोनाथन डंकन आहे. काशीच्या आसपास आणि काठियावाडात मुली जन्मताच मारण्याची चाल बंद करण्यासाठी तो झटला होता, आणि त्याची आठवण त्याच्या स्मारकावर कोरलेली आहे. बिशप कार झोपलेल्या मूर्तीच्या रूपात आहे.

एका स्मारकापुढे मी बराच वेळ उभा राहिलो. कुणाचं ते महत्त्वाचं नाही. रक्षापात्रावर कोपर टेकून एक बाई मान खाली घालून बसली आहे. अंगावरचं वस्त्र खांद्यावरून घसरून गुडघ्यापाशी घड्या घालून पडलं आहे. दगडाची चुणी इतकी बारीक की बोट लावलं तर हलेल असं वाटतं. हाताची बोटं सैल, पाऊल अर्धं पुढे. शोक तर आहे, पण तो बसवलेला आहे, कुठून पाहिलं तर चांगला दिसेल याचा विचार करून. पडदा वर जावा आणि पहिल्या प्रवेशात नटी अशी बसलेली दिसावी. समोरचं थिएटर १८३५ मध्ये गेलं. आतलं हे अजून चालू आहे असं वाटून गेलं.

रामाजीच्या नावाचा दगड इथे नाही. असायचं कारणही नव्हतं, तो इथला नव्हता.

बाहेर आलं की समोर गोल बाग. १८६०च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या लाटेत जुन्या हिरवळीचा कायापालट झाला. पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेटने कल्पना मांडली, फ्रियरने उचलून धरली आणि १८७२च्या सुमारास एल्फिन्स्टन सर्कल तयार झालं: मध्ये बाग आणि भोवती एकसारख्या कमानींच्या इमारतींचं कडं. स्वातंत्र्यानंतर त्याला बेंजामिन हॉर्निमनचं नाव दिलं. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चा हा इंग्रज संपादक जालियनवाला बागेनंतरच्या दिवसांत इतकं निर्भीड लिहीत होता की १९१९ साली सरकारने त्याला हिंदुस्थानाबाहेर काढलं. आपल्या माणसांची बाजू घेतलेल्या परक्याचं नाव या जागेला मिळालं, हे मला फार योग्य वाटतं.

बागेत दुपारी मोठाल्या झाडांच्या सावलीत बाकांवर माणसं डबे सोडून बसलेली असतात. कारकून, वकिलांचे शिपाई, कुरिअरवाली पोरं. डुलक्या चाललेल्या असतात. फोर्टच्या गर्दीत एवढी निवांत जागा दुसरी नाही. आणि याच बागेत गेल्या काही दशकांत पृथ्वी थिएटरच्या महोत्सवाची नाटकं झाली, काळा घोडा महोत्सवाचे कार्यक्रम झाले, सूफी गाण्याच्या मैफली झाल्या. उघड्यावर, झाडांच्या खाली, रात्री. १८३५ मध्ये हिरवळीवरून गेलेलं नाटक फिरून त्याच हिरवळीवर आलं.

बागेच्या पूर्वेला, चर्चच्या बरोबर समोर, एशियाटिक सोसायटीच्या तीस पायऱ्या आणि त्यांवरचे खांब. १८३३ साली पुरा झालेला टाउन हॉल तो. आत जगन्नाथ शंकरशेटांचा संगमरवरी पुतळा आहे. नाना तिथे बसलेले आहेत, आणि त्यांच्यासमोर बागेपलीकडे चर्चचा मनोरा. नाटकगृहाला जमीन देणाऱ्या माणसाला याहून चांगली जागा मिळाली नसती, असं मला त्या पायऱ्या चढताना वाटलं. ज्या हिरवळीच्या नाटकाची शिल्लक त्यांनी मागितली, ती हिरवळ त्यांच्या दारातच आहे.

गाडी रात्रीची होती. संध्याकाळी पुन्हा एकदा चर्चकडे वळलो. उन्हं उतरली होती, कारंज्याच्या टोकाला तेवढा उजेड शिल्लक होता. दारापाशी एक कुटुंब उभं होतं. म्हातारी आई नऊवारीत, मुलगा, सून, दोन पोरं. बोलीवरून आमच्याच बाजूचे, परभणी-हिंगोलीकडचे. ते आत डोकावत होते. आत कुणीतरी ऑर्गनवर सराव करत असावं. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजत होती, चुकत होती, परत सुरू होत होती. म्हातारी अगदी मन लावून ऐकत होती. धाकटं पोरगं आईचा पदर ओढत विचारत होतं, “हे कुण्या देवाचं हाय?” आई म्हणाली, “गप, ऐकू दे आजीला.”

मुलाने माझ्याकडे पाहिलं. “भाऊ, आत गेलं तर चालतं का हो?”

“चालतंय की, जा ना,” मी म्हणालो.

म्हातारीने चपला काढल्या. मग सुनेने काढल्या, पोरांच्या काढल्या. इथे चपला काढायची रीत नाही, पण मी काही बोललो नाही. उंबऱ्याबाहेर एका रांगेत चपला लागल्या आणि सगळे अनवाणी पायांनी आत गेले. म्हातारी शेवटच्या बाकाशी पोचली, टेकणीवरून हात फिरवला आणि बसली.